कंपनीचा वकील आणि कुटुंबाचा वकील : एच-४ वरील मुलीच्या एकविसाव्या वर्षाचा प्रश्न

इंद्रायणीकाठ

नमस्कार. माझे यजमान २०१२ पासून एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर न्यू जर्सीत नोकरी करत आहेत आणि मी व आमची मुलगी त्यांच्यासोबत एच-४ या कुटुंबीयांच्या व्हिसावर आहोत. मुलीचा जन्म तळेगावचा, नोव्हेंबर २००६ मधला. इथे आलो तेव्हा ती पहिलीत जायची होती. बालवाडी सोडली तर तिचे सगळे शिक्षण इथेच झाले आणि आता ती इथल्याच राज्य विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला आहे. ग्रीन कार्डासाठी यजमानांच्या कंपनीने केलेल्या अर्जाची प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली आमची तारीख, जून २०१५ ची असून वर्ग ई-बी-२ हा नोकरीवर आधारित वर्ग आहे. भारतात जन्मलेल्यांची या वर्गातली रांग अजून आमच्या तारखेपर्यंत पोहोचलेली नाही. नोव्हेंबर २०२७ मध्ये मुलगी २१ वर्षांची होईल आणि त्या दिवशी तिचे एच-४ संपेल.

याविषयी कंपनीच्या वकिलांना विचारले, तेव्हा मुलीच्या वयाचा प्रश्न कंपनीने त्यांच्याकडे सोपवलेल्या कामात बसत नाही, असे दोन ओळींचे उत्तर आले. उत्तर सभ्य भाषेत होते. तरीही आम्ही दोघे हादरलो, कारण इतकी वर्षे आम्ही त्यांनाच आमचे वकील समजत आलो होतो. अशा वेळी स्वतंत्र वकील करावा का, तो कसा शोधावा, आणि त्याच्याकडे जाण्यापूर्वी आपण कोणती तयारी करावी, हे या वाटेने गेलेल्यांकडून समजून घ्यायचे आहे.

सह्यधार

ताई, त्या वकिलांचे उत्तर कठोर वाटले तरी ते प्रामाणिक आहे. गोलमाल उत्तर देऊन तुम्हाला आणखी वर्षभर झुलवत ठेवले असते, तर नुकसान जास्त झाले असते.

या साखळीत कोण कोणाचा आहे ते एकदा नीट पाहा. पर्म, म्हणजे अमेरिकेच्या श्रम खात्याकडे जाणारा पहिला अर्ज, त्याचा वकिली खर्च मालकानेच सोसावा असा २००७ पासून नियम आहे. त्यापुढच्या आय-१४० या पिटिशनवर, म्हणजे स्थलांतर विभागाकडे जाणाऱ्या कंपनीच्या मागणीवर, अर्जदार म्हणून सही कंपनीची असते आणि तुमचे यजमान त्यात लाभार्थी असतात. तुम्ही आणि मुलगी त्या कागदावर आहात, पण केवळ कुटुंबीयांच्या रकान्यात. कंपनीने वकील नेमला तो आपला माणूस कायदेशीरपणे कामावर राहावा म्हणून. मुलगी एकवीस वर्षांची झाल्याने कंपनीचे काही अडत नाही, म्हणून तिच्या वयाकडे लक्ष ठेवणे हे त्या फायलीत कोणाचेच काम नसते.

काही वकील कंपनी आणि कर्मचारी अशा दोघांचेही वकीलपत्र घेतात. तसे असेल तर करारात ते लिहिलेले असते, आणि बहुतेक वेळा त्याच करारात असेही लिहिलेले असते की एकाने सांगितलेली गोष्ट दुसऱ्यापासून लपवली जाणार नाही. नोकरी बदलायचा विचार, नवराबायकोतला बेबनाव, मुलीसाठी दुसऱ्या देशाची चाचपणी, यांतले काहीही त्या वकिलासमोर बोलण्याआधी तो करार काढून वाचावा.

स्वतंत्र वकील करण्यासाठी कंपनीचा वकील सोडावा लागत नाही. एकदा पैसे देऊन सल्ला घ्यायचा आणि प्रत्यक्ष अर्जाची वेळ आली की पुन्हा जायचे, अशा पद्धतीने अनेक कुटुंबे काम भागवतात.

उंबरठा

आमच्या मुलाच्या बाबतीत हाच प्रश्न आला होता, त्यामुळे वयाचे गणित कसे होते ते सांगते.

६ ऑगस्ट २००२ रोजी अमेरिकेत एक कायदा झाला, त्याला सीस्पा म्हणतात. सरकारी दिरंगाईमुळे मुलांचे वय उलटून जाऊ नये हा त्यामागचा हेतू. ज्या दिवशी रांग तुमच्या तारखेपर्यंत येऊन तुमच्यासाठी व्हिसा क्रमांक उपलब्ध होतो, त्या दिवशीचे मुलीचे वय घ्यायचे आणि त्यातून आय-१४० जितके दिवस निर्णयाविना पडून होते तितके दिवस वजा करायचे. उरलेले वय २१ पेक्षा कमी असले आणि मुलगी अविवाहित असली, तर कायद्याच्या नजरेत ती अजून ‘मूल’ आहे. त्यानंतर एक वर्षाच्या आत तिच्या नावाने ग्रीन कार्डाची कार्यवाही सुरू केलेली असली पाहिजे. ही एक वर्षाची अट फार जण विसरतात.

यात एक गोष्ट अशी आहे की ती ऐकून पुष्कळ पालकांना वाईट वाटते. ज्यांनी त्या काळी प्रीमियमची जादा फी भरून पंधरा दिवसांत आय-१४० मंजूर करून घेतले, त्यांना वजा करायला तेवढेच दिवस मिळतात. ज्यांचा अर्ज साध्या रांगेत सात-आठ महिने रखडला, त्यांच्या मुलांच्या वयातून ते सात-आठ महिने वजा होतात.

इंद्रायणीकाठ

उंबरठाताई, आमचे आय-१४० प्रीमियमनेच मंजूर झाले होते. मंजुरीची नेमकी तारीख कुठे सापडेल? आमच्याकडे कंपनीने पाठवलेली एका पानाची प्रत तेवढी आहे.

उंबरठा

ते एक पान म्हणजे आय-७९७, स्थलांतर विभागाने अर्जाबाबत पाठवलेली नोटीस असणार. तिच्या वरच्या भागात चौकटी असतात. एका चौकटीत अर्ज मिळाल्याची तारीख, एकीत प्रायॉरिटी डेट आणि एकीत नोटिशीची तारीख असते. तुमच्या प्रतीवर मंजुरीचा उल्लेख असेल, तर नोटिशीची तारीख हीच सर्वसाधारणपणे मंजुरीची तारीख असते. अर्ज मिळाल्याची तारीख आणि मंजुरीची तारीख यांमधले दिवस मोजा. वजा करायचे दिवस तेच. प्रायॉरिटी डेट या वजाबाकीत येत नाही. पर्मसाठी गेलेला काळही येत नाही, मग तो दीड वर्षाचा का असेना.

एक उदाहरण देते. समजा, दोन मुलींचे वय व्हिसा उपलब्ध होण्याच्या दिवशी २१ वर्षे ५ महिने आहे. पहिलीच्या वडिलांचे आय-१४० सात महिने पडून होते, म्हणून तिचे वय २० वर्षे १० महिने धरले जाईल आणि तिला आईवडिलांबरोबर ग्रीन कार्ड मिळेल. दुसरीच्या वडिलांचे आय-१४० अकरा दिवसांत मंजूर झाले. ती मात्र बाहेर पडेल. दोघींच्या वडिलांची प्रायॉरिटी डेट एकच असली तरी असेच होईल.

दुसरी गोष्ट म्हणजे व्हिसा ‘उपलब्ध’ कधी झाला असे मानायचे. परराष्ट्र खात्याच्या दरमहाच्या व्हिसा बुलेटिनमध्ये दोन तक्ते असतात. एक अंतिम निर्णयाच्या तारखांचा आणि दुसरा अर्ज दाखल करण्याच्या तारखांचा. दुसऱ्या तक्त्यातल्या तारखा बहुधा काही महिने पुढे असतात. फेब्रुवारी २०२३ पासून मुलांचे वय दुसऱ्या तक्त्यावरून गोठवले जात होते आणि त्यामुळे बऱ्याच मुलांचा निभाव लागला. १५ ऑगस्ट २०२५ पासून दाखल होणाऱ्या अर्जांसाठी ही सवलत काढून घेण्यात आली असून आता पहिलाच तक्ता धरतात. त्यामुळे जुने लेख आणि जुने व्हिडिओ पाहून कोणी निश्चिंत राहू नये. तुमच्याही ओळखीत कोणी ‘आमच्या मुलाचे झाले, तुमचेही होईल’ असे सांगेल; त्यांचा अर्ज कोणत्या तारखेला दाखल झाला होता ते आधी विचारा.

नदीपल्याड

या रांगेचे मूळ सगळ्यांनाच ठाऊक असते असे नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. नोकरीच्या आधारावर दिल्या जाणाऱ्या ग्रीन कार्डांची संख्या वर्षाला साधारण १,४०,००० आहे आणि त्यात कुटुंबीयही मोजले जातात. कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना सर्वसाधारणपणे सात टक्क्यांपेक्षा जास्त वाटा मिळत नाही. मोजला जातो तो जन्माचा देश, त्यामुळे नागरिकत्व बदलले तरी रांग बदलत नाही. आणखी एक गैरसमज वारंवार दिसतो. पती किंवा पत्नी दुसऱ्या देशात जन्मलेली असेल तर तिच्या देशाची रांग कुटुंबाला वापरता येते हे खरे आहे, परंतु अमेरिकेत जन्मलेल्या धाकट्या भावंडाच्या जोरावर आईवडिलांना अशी सवलत मिळत नाही.

लहानपणी अमेरिकेत आणलेल्या मुलांना हद्दपारीपासून तात्पुरते संरक्षण देणाऱ्या डाका योजनेविषयीही विचारले जाते. त्या योजनेत १५ जून २०१२ रोजी ज्यांच्याकडे कायदेशीर स्टेटस नव्हते अशाच मुलांना घेतले गेले. आपली मुले त्या दिवशी कायदेशीर एच-४ वर होती, म्हणूनच ती अपात्र ठरली. या मुलांना संरक्षण देणारे विधेयक काँग्रेसमध्ये मांडले गेले आहे, पण ते मंजूर झालेले नाही. नियम पाळणाऱ्या घरातल्या मुलांच्या वाट्याला हे यावे, याचे मला मनापासून दुःख होते. त्या विधेयकाच्या भरवशावर मुलीचे नियोजन मात्र करू नका.

गवतफूल

एफ-१ विद्यार्थी स्टेटसचा मार्ग कोणीतरी सांगायला हवा, कारण ई-बी-२ मधल्या बहुतेक मुलांना शेवटी त्याच दाराने जावे लागते.

विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडून आय-२० हा प्रवेशाचा दाखला घ्यायचा, ३५० डॉलरची सेव्हिस (विद्यार्थी नोंदणीची) फी भरायची आणि आय-५३९ हा स्टेटस बदलण्याचा अर्ज करायचा. ऑनलाइन केल्यास त्याची फी ४२० डॉलर आहे. हे सगळे एकविसाव्या वाढदिवसाच्या बरेच आधी व्हावे लागते, कारण निर्णयाला अनेक महिने लागू शकतात आणि अर्ज दाखल होण्याच्या दिवशी एच-४ जिवंत असावे लागते. इथे आय-९४ वरील, म्हणजे देशात राहण्याची मुदत दाखवणाऱ्या नोंदीवरील, तारखेवर विसंबू नका. एखाद्या मुलीच्या आय-९४ वर वाढदिवसानंतरची तारीख छापून आलेली असते आणि घरचे निर्धास्त असतात. पण एकवीस पूर्ण होताच ती एच-४ साठी ‘मूल’ राहत नाही, मग कागदावर तारीख कोणतीही असो.

एफ-१ चा फायदाही आहे. एच-४ वरच्या मुलांना नोकरी करता येत नाही. एच-४ वर मिळणारा कामाचा परवाना फक्त पती किंवा पत्नीसाठी आहे. एफ-१ वर शिक्षणाला जोडलेली इंटर्नशिप करता येते, पदवीनंतर बारा महिने ओपीटी, म्हणजे शिकलेल्या विषयात काम करण्याची परवानगी, मिळते आणि विज्ञान-तंत्रज्ञानाच्या ठरावीक शाखांना आणखी चोवीस महिने. तोटा असा की देशातल्या देशात बदललेले हे फक्त स्टेटस असते, पासपोर्टवरचा व्हिसा नसतो. ती आजीला भेटायला भारतात गेली, तर परतण्यासाठी तिला मुंबईच्या बीकेसीतल्या वकिलातीत मुलाखत देऊन एफ-१ व्हिसा घ्यावा लागेल आणि शिक्षण संपल्यावर अमेरिका सोडण्याचा इरादा तिथल्या अधिकाऱ्याला पटवून द्यावा लागेल. जिचे आईवडील, मित्रमैत्रिणी आणि सगळे आयुष्य न्यू जर्सीत आहे, तिच्यासाठी हे सोपे नसते. सप्टेंबर २०२५ पासून मुलाखतीची सूटही बहुतेकांना उरलेली नाही.

पुढे तिने नोकरीसाठी एच-१बी घ्यायचे ठरवले, तर राष्ट्राध्यक्षांच्या १९ सप्टेंबर २०२५ च्या घोषणेतली, नव्या एच-१बी अर्जासाठी मालकाने भरायची एक लाख डॉलरची रक्कम लक्षात ठेवा. नागरिकत्व व स्थलांतर विभागाने ऑक्टोबरमध्ये दिलेल्या खुलाशानुसार, अमेरिकेत राहून एफ-१ वरून एच-१बी वर जाणाऱ्यांना ती लागू नाही. त्या घोषणेवर न्यायालयात दावे झालेले आहेत, त्यामुळे तिची वेळ येईल तेव्हा हा मुद्दा नव्याने तपासावा लागेल.

उंबरठा

गवतफूल यांच्या लिहिण्यात एक भर घालते, कारण याच ठिकाणी वकिलाचा सल्ला सर्वात जास्त उपयोगी पडतो. समजा, दुसऱ्या तक्त्यानुसार तुम्हाला लवकर अर्ज करायची संधी मिळाली आणि मुलीचाही आय-४८५, म्हणजे प्रत्यक्ष ग्रीन कार्डाचा अर्ज, दाखल झाला. तिला त्यावर कामाचा परवाना मिळेल आणि तो वापरण्याचा मोह होईल. पण पहिला तक्ता तिचे सीस्पाचे वय २१ होण्याआधी पुढे सरकला नाही, तर तिचा आय-४८५ नामंजूर होईल. तोपर्यंत तिने परवान्यावर नोकरी करून एफ-१ मोडलेले असेल, तर हातात काहीच उरणार नाही. म्हणून अर्ज प्रलंबित असतानाही एफ-१ सांभाळून ठेवावे, असा सल्ला आम्हाला मिळाला होता. प्रवासाचेही तसेच आहे. एच-४ वर असलेली व्यक्ती आय-४८५ प्रलंबित असताना वैध एच-४ व्हिसावर जाऊन येऊ शकते. एफ-१ वरची मुलगी अॅडव्हान्स पॅरोल, म्हणजे परत येण्याची आगाऊ परवानगी, न घेता देशाबाहेर गेली, तर तिचा आय-४८५ सोडून दिला असे मानतात.

मुचकुंदी

मी रत्नागिरी जिल्ह्यात वकिली करतो. अमेरिकेच्या कायद्यावर बोलण्याचा मला अधिकार नाही, पण तिकडून येणारी कागदांची कामे माझ्याकडे नेहमी येतात, म्हणून इकडची बाजू लिहितो. अर्ज करण्याचा महिना उजाडल्यावर धावाधाव करण्यापेक्षा हे काम आजच सुरू करा.

सर्वात आधी तिघांचेही जन्मदाखले काढून टेबलावर ठेवा. मुलीचा दाखला बहुधा व्यवस्थित असेल. अडचण येते ती तुमच्या आणि यजमानांच्या दाखल्यांत. त्या काळी प्रसूती झाली की नगरपालिकेला किंवा ग्रामपंचायतीला जन्म कळवला जाई, बारसे नंतर होई, आणि बाळाचे नाव नोंदवायला पुन्हा कोणी जात नसे. परिणामी दाखल्यावर आईवडिलांची नावे, तारीख, ठिकाण सगळे असते आणि बाळाच्या नावाच्या रकान्यात एक आडवी रेघ. असा दाखला तिकडे पुरेसा ठरत नाही. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ च्या कलम १४ खाली नाव नंतर नोंदवता येते. त्याची मुदत सर्वसाधारणपणे नोंदणीपासून १५ वर्षांची आहे, मात्र जुन्या नोंदींसाठी शासनाने मुदतवाढी दिलेल्या आहेत, तेव्हा ज्या निबंधकाकडे मूळ नोंद आहे तिथे चालू स्थिती विचारून घ्या.

स्पेलिंगची किंवा तारखेची चूक असेल तर कलम १५ खाली दुरुस्ती होते. मूळ नोंद खोडली जात नाही. समासात शेरा मारून दुरुस्ती लिहितात. नोंदच सापडली नाही, तर निबंधकाकडून नोंद अनुपलब्ध असल्याचा दाखला घ्यावा आणि त्याला शाळा सोडल्याचा दाखला व जन्माची प्रत्यक्ष माहिती असलेल्या दोन व्यक्तींची प्रतिज्ञापत्रे जोडावीत. आत्या, मावशी, मोठे काका यांच्यापैकी जे हयात आहेत आणि ज्यांची स्मृती चांगली आहे त्यांची प्रतिज्ञापत्रे लवकर करून घ्या. हे मी अनुभवाने आणि कळकळीने सांगतो, कारण माणूस गेल्यावर त्याच्या जागी दुसरा साक्षीदार मिळणे फार कठीण जाते. प्रतिज्ञापत्रात ‘मला माहीत आहे’ एवढेच लिहून भागत नाही. कोणाच्या घरी जन्म झाला, त्या वेळी आपण कुठे होतो, आपले वय किती होते, हे त्यात यायला हवे.

इंद्रायणीकाठ

मुचकुंदी सर, तुमचे वाचून आमचे कागद काढले आणि वेगळीच अडचण दिसली. लग्नात माझे पहिले नाव बदलले होते. जन्मदाखल्यावर आणि शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव आहे, विवाह नोंदणीवर दोन्ही नावे आहेत आणि पासपोर्टवर सासरचे नाव आहे. शिवाय यजमानांच्या पासपोर्टवर वडिलांचे नाव त्यांच्या नावाला जोडून छापले आहे, तर मुलीच्या पासपोर्टवर मधले नावच नाही.

मुचकुंदी

ही अडचण आपल्याकडे घरोघरी आहे. ताटात तांदळावर अंगठीने नवे नाव लिहिले, पेढे वाटले, की कागदोपत्री काही करायचे असते हे कोणाच्या ध्यानातही येत नसे. तुमच्या विवाह प्रमाणपत्रावर दोन्ही नावे आहेत ही फार चांगली गोष्ट आहे. दोन नावांना जोडणारा तोच मुख्य पुरावा ठरेल. ज्यांच्या प्रमाणपत्रावर एकच नाव असेल, त्यांनी नावबदल महाराष्ट्र शासन राजपत्रात प्रसिद्ध झाला होता का ते शोधावे. झाला असेल तर त्या अंकाचे पान जपून ठेवावे. झाला नसेल तर ‘दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ अशा आशयाचे प्रतिज्ञापत्र करावे, पण त्याआधी तिकडच्या वकिलाला मसुदा दाखवावा, म्हणजे त्यातला शब्दप्रयोग अर्जातल्या नोंदींशी जुळेल.

मधल्या नावाच्या फरकाचे दडपण घेऊ नका. वडिलांचे किंवा पतीचे नाव मधे लावायची आपली रीत सर्वत्र नसल्याने तिथल्या रकान्यांत ते कधी पहिल्या नावाला चिकटते, कधी गळते. आजवर वापरलेली सर्व नावे अर्जाच्या ‘इतर नावे’ या भागात न चुकता लिहिली म्हणजे बहुतेक प्रश्न तिथेच सुटतात. लपवाछपवी वाटेल असे मात्र काही सोडू नका.

मराठी कागदांचे पूर्ण इंग्रजी भाषांतर लागते आणि त्याखाली भाषांतर करणाऱ्याने, आपल्याला दोन्ही भाषा येतात व भाषांतर अचूक आहे, असे सहीनिशी लिहून द्यावे लागते. शिक्क्यांतला आणि समासातल्या शेऱ्यांतला मजकूरही सोडायचा नाही.

नदीपल्याड

वकील शोधण्याविषयी कोणी सविस्तर लिहिले नाही. इमिग्रेशनचा कायदा केंद्राचा असल्याने अमेरिकेतल्या कोणत्याही राज्यात सनद असलेला वकील न्यू जर्सीतल्या कुटुंबाचे काम घेऊ शकतो. त्याची सनद चालू आहे का आणि त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई झाली आहे का, हे त्या राज्याच्या बार असोसिएशनच्या किंवा न्यायालयाच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येते. वकिलाखेरीज असा सल्ला देण्याचा अधिकार न्याय खात्याने मान्यता दिलेल्या प्रतिनिधींना असतो. ते मान्यताप्राप्त सेवाभावी संस्थांत काम करतात आणि ज्यांना वकिलाची फी परवडत नाही त्यांनी तिथे जरूर जावे. काही विधी महाविद्यालयांतही अशी मोफत केंद्रे चालतात.

बाकी कोणीही, मग तो कितीही अनुभवी कन्सल्टंट असो, तुम्हाला कोणता अर्ज करावा हे सांगू शकत नाही. आपल्याकडे नोटरी बहुधा वकीलच असतो. अमेरिकेत मात्र बँकेतला कारकूनही नोटरी असू शकतो आणि त्याचे काम सही ओळखण्यापुरते असते. या फरकामुळे लोक फसतात. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाने मंदिरात भेटलेल्या एका गृहस्थाकडून आय-५३९ भरून घेतला. त्याने ‘अर्ज तयार करणारा’ या रकान्यात स्वतःची सही केली नाही आणि मुलाच्या शाळेच्या तारखाही अंदाजाने लिहिल्या. अर्जावरून शंका निघाल्या तेव्हा तो फोन उचलेनासा झाला, आणि उत्तर द्यायची जबाबदारी अर्थातच ज्याची सही होती त्या मुलावर आली.

पहिल्या भेटीत फी ठरीव आहे की तासावर आहे, प्रत्यक्ष काम कोण करणार आणि ई-बी वर्गातली सीस्पाची प्रकरणे त्यांनी हाताळली आहेत का, हे स्पष्ट विचारावे. निकालाची हमी देणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नये.

सह्यधार

पूर्ण आय-१४० ची प्रत कंपनी देत नसेल, तर आपल्याकडच्या माहिती अधिकारासारखा अमेरिकेचाही कायदा आहे, फोया. यजमानांनी त्याखाली नागरिकत्व व स्थलांतर विभागाकडे ऑनलाइन अर्ज करावा. त्याला फी लागत नाही. वेळ लागतो, म्हणून वकिलाची भेट ठरवण्याआधीच हे करून टाका.

पाणवठा

मी या धाग्यावर प्रथमच लिहीत आहे. माझा प्रश्न मुलांच्या वयाचा नाही. मी एच-४ वर आहे, पतीकडून मारहाण होते आणि माझा पासपोर्ट त्यांच्या ताब्यात आहे. कंपनीच्या पोर्टलवर माझे सगळे कागद आहेत, पण लॉगिन त्यांचे आहे. माझ्यासाठी वेगळा वकील असू शकतो का?

उंबरठा

ताई, असू शकतो आणि तुम्ही तो आजच शोधावा. जिवाला धोका वाटत असेल तर आधी ९११ ला फोन करा. पोलिसांना बोलावताना तुमचे स्टेटस काय आहे याचा विचार करू नका. राष्ट्रीय घरगुती हिंसाचार हेल्पलाइन चोवीस तास चालते, तिथे दुभाषी मिळतो आणि तुमच्या भागातल्या मोफत वकिलापर्यंत ते पोहोचवतात. पतीच्या नजरेस पडणार नाही असा फोन वापरा.

एच-१बी धारकाच्या पत्नीला मारहाण होत असेल, तर तिला स्वतःच्या नावाने कामाचा परवाना मागता येतो. त्यासाठी आय-७६५व्ही हा वेगळा अर्ज आहे आणि त्याला पतीची सही लागत नाही. पती नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असता तर वावा या महिलांवरील हिंसाचारविरोधी कायद्याखाली आणखी मोठा मार्ग उघडला असता. तुमच्या बाबतीत यू व्हिसाचा, म्हणजे गुन्ह्याची झळ पोहोचलेल्यांसाठीच्या व्हिसाचा, विचार होऊ शकतो, त्यासाठी पोलिसांना सहकार्य केल्याची नोंद लागते. पासपोर्ट परत मिळत नसेल तर पोलिसांत तक्रार करून भारतीय वाणिज्य दूतावासाकडे नव्या पासपोर्टसाठी अर्ज करता येतो. ‘चला, भारतात जाऊन दोन्ही घरच्यांसमोर बोलू’ असे सांगून तिकीट काढले जात असेल, तर वकिलाशी बोलल्याशिवाय विमानात बसू नका. अशा रीतीने भारतात नेऊन सोडून दिलेल्या आणि परतीचा व्हिसाच नसलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. तुम्ही मला खाजगी निरोप पाठवा.

इंद्रायणीकाठ

पाणवठाताई, तुम्ही एकट्या नाही. उंबरठाताईंना निरोप जरूर पाठवा.

इतरांचेही मनापासून आभार. फोयाचा अर्ज केला आहे, तळेगावच्या नगरपरिषदेत भावाला पाठवले आहे आणि पुढच्या आठवड्यात स्वतंत्र वकिलाची भेट ठरली आहे. भेटीला आम्ही दोघे जाणार आहोत. मुलीची त्या सुमारास परीक्षा आहे. तिने यावेच असे काही आहे का?

सह्यधार

होय, तिने यायलाच हवे. परीक्षा असेल तर भेट पुढे ढकला किंवा तिला व्हिडिओवर घ्या. ती एकोणीस वर्षांची, म्हणजे सज्ञान आहे. आय-५३९ वर सही तिची असेल आणि जी-२८, म्हणजे वकीलपत्र, तेही तिच्या नावाचे वेगळे असेल. फी तुम्ही भरलीत तरी अशील तीच राहते, आणि तिला वकिलाशी तुमच्या अनुपस्थितीत बोलायचे असेल तर तो तिचा हक्क आहे. तिचा कोणाशी लग्नाचा विचार आहे का, तिने कुठे पैसे घेऊन काम केले आहे का, पदवीनंतर तिला कॅनडात किंवा युरोपात जायला आवडेल का, या प्रश्नांची खरी उत्तरे तिच्याकडेच आहेत. यातले एखादे उत्तर सगळा सल्ला बदलू शकते. लग्न केले तर सीस्पाचा उपयोग तिथेच संपतो. तुम्हाला ग्रीन कार्ड मिळाल्यावर तिच्यासाठी पुढे जो एफ-२बी चा, म्हणजे ग्रीन कार्डधारकांच्या प्रौढ अविवाहित मुलांच्या वर्गातला, अर्ज करता येईल, तोही ती अविवाहित असेपर्यंतच चालतो आणि त्याची रांगही अनेक वर्षांची आहे.

भेटीआधी करारनाम्याचा मसुदा मागवून घ्या. अशील म्हणून त्यावर मुलीचे नाव आहे का ते पाहा, आणि यजमानांच्या कंपनीला काही कळवण्याची मुभा देणारे कलम त्यात असेल तर सही करण्यापूर्वी ते काढून घ्या.